वाशिष्ठी आणि तिथीची पाऊणपट

श्रोतेहो, नमस्कार. आज आमची वाशिष्ठी. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते, चिपळुणातून जाते, पुढे खेडकडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळला दोघी समुद्रात. उजव्या हाताला दाभोळ, डाव्या हाताला अंजनवेलचा गोपाळगड. वाट जेमतेम 70 किलोमीटरची. त्यात कोयनेचं, म्हणजे मुळात पूर्वेला कृष्णेत जाणारं पाणी 1962 पासून डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीत येतं. म्हणून ती मे महिन्यातही आटत नाही.

पण ही नदी दोन्हीकडे वाहते. पुन्हा सांगते, दोन्हीकडे. भरतीचं पाणी पार गोवळकोटच्या बंदरापर्यंत चढतं.

मी दहा वर्षांची असेन. मामाआजोबांच्या शिडाच्या होडीतून दाभोळहून गोवळकोटला निघालो होतो. होडीत कौलं, सुकी मासळी आणि एक बरका फणस. (फणस खावा तर बरकाच. काप्याला ती चव नाही.) सुकाणूवर धाकटा मामा. तिथी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, असा त्याचा हिशेब. सहा वाजले आणि गोवळकोटच्या अलीकडे होडी गाळात रुतली. मामा म्हणाला, "भरती संपली. आता रात्र इथंच." त्यातून अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी आधीच कमी.

आजोबांनी बांबूला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "अरे, सहाला दाभोळात भरली. इथवर चढायला तिला वेळ नको?"

तिथीची पाऊणपट ही मुखावरची वेळ, श्रोतेहो. आत भरती उशिरा पोचते. ही तिथी मुलांना शाळेत शिकवायला हवी. पंचांग काय फक्त लग्नाच्या मुहूर्तापुरतं आहे? 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणाचे दिवस. वरून पाऊस, खालून भरती. पाण्यानं जायचं कुठं?

तर, होडीत आम्ही गप्प बसलो होतो. अंधार पडला, कंदील लागला. बऱ्याच वेळानं कांदळाची पिवळी पानं दिसली, समुद्राकडून डोंगराकडे निघालेली. मग फेस. मी पाण्यात बोट बुडवून चाटलं, मचूळ लागलं. होडी आधी एका अंगाला कलली, मग हलकेच सरळ झाली. आजोबा म्हणाले, "शीड सोड."