मोटारीच्या मापाचा ड्राइव्ह
(भोसरी येथे लघुउद्योजक व देखभाल तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांतून ड्राइव्हची, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाची, चौकशी बहुधा एकाच वाक्यात होते : "दहा एचपीची मोटार आहे, दहा एचपीचा ड्राइव्ह द्या." या वाक्यात मोटार किती प्रवाह घेते, तिच्यावर कसला भार आहे आणि ड्राइव्ह कुठे बसणार आहे, यांपैकी काहीच कळत नाही. ड्राइव्हचे माप तर याच तीन गोष्टींवर ठरते.

ड्राइव्हच्या आतील आयजीबीटी, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तापतात ते त्यांच्यातून वाहणाऱ्या अँपिअरमुळे. ४१५ व्होल्टवर चालणारी ७.५ किलोवॅटची, म्हणजे दहा एचपीची, चार पोलची (पोल म्हणजे मोटारीतले चुंबकीय ध्रुव) मोटार पूर्ण भारावर साधारण १४ ते १५ अँपिअर घेते. तेवढ्याच शक्तीची आठ पोलची मोटार १७ अँपिअरच्या आसपास जाते, कारण पोल वाढले की चुंबकनासाठी लागणारा प्रवाह वाढतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, खाली येतो. बोअरमध्ये मावावी म्हणून सडपातळ बांधलेली सबमर्सिबल मोटारही त्याच एचपीला जास्त प्रवाह ओढते. म्हणून आधी नेमप्लेटवरचा अँपिअरचा आकडा वाचावा. आणि मोटार रिवाइंड झालेली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलेली, असेल तर त्यावरही न विसंबता ती पूर्ण भारावर थेट लाइनवर चालवून टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज मोजाव्यात.

भाराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे सापडते. ड्राइव्हच्या नेमप्लेटवर अनेकदा दोन आकडे असतात. समजा, नॉर्मल ड्यूटीला १७ अँपिअर आणि हेवी ड्यूटीला १३ अँपिअर. पहिल्या आकड्यावर साधारणपणे मिनिटभर ११० टक्के, तर दुसऱ्यावर १५० टक्के प्रवाह झेलण्याची मुभा असते. सेंट्रिफ्यूगल पंपाला किंवा पंख्याला पहिला आकडा पुरतो, कारण त्यांचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते आणि सुरू होताना त्यांच्यावर भार जवळजवळ नसतोच. आता हाच ड्राइव्ह आठ पोलच्या १७ अँपिअरच्या मोटारीला लावून कन्व्हेयर चालवायला घेतला, तर कागदावर माप जुळते. पण संध्याकाळी मालाने भरलेला पट्टा तसाच थांबला असेल, तर सकाळी तो हलवताना ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो, म्हणजे जादा भारामुळे आपोआप बंद पडतो. मग ॲक्सेलरेशन टाइम, म्हणजे पूर्ण वेग गाठायला दिलेला वेळ, वाढवून पाहिला जातो. जड फ्लायव्हील असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण तिथे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वेग वाढवण्यात खर्च होत असतो. भरलेल्या पट्ट्याचे घर्षण मात्र वेळ वाढवून कमी होत नाही. अशा ठिकाणी हेवी ड्यूटीचाच आकडा १७ अँपिअर किंवा अधिक असलेला ड्राइव्ह घ्यावा लागतो.

जागेबाबत, उंचीची चिंता पुण्यात नाही. बहुतेक ड्राइव्हची क्षमता १००० मीटरपर्यंत कायम धरलेली असते आणि पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, दर १०० मीटरला एक टक्का या हिशोबाने तीन-चार टक्के क्षमता सोडावी लागेल. आपला खरा प्रश्न एप्रिल-मेमधल्या पत्र्याच्या शेडचा आहे. बाहेर ४० अंश असताना बंद पॅनेलच्या आत ५० अंश सहज होतात, तर अनेक ड्राइव्हचा पूर्ण प्रवाह ४० अंशांपर्यंतच गृहीत असतो. त्यापुढे किती घट धरायची याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. खरेदीपूर्वी तो मागून घ्या. मशीन शॉपमध्ये तेलकट धुळीने पॅनेलच्या पंख्याचा फिल्टर चोंदला, तर तक्त्यातला हिशोबही कोलमडतो.

या सगळ्यामुळे मोटारीपेक्षा एक माप मोठा ड्राइव्ह आला तर बिघडत नाही. मात्र तो बसवल्यावर मोटार रेटेड करंट या पॅरामीटरमध्ये नेमप्लेटवरचा आकडा भरायलाच हवा, नाहीतर ड्राइव्ह स्वतःच्या क्षमतेनुसार राखण करतो आणि वाइंडिंग जळेपर्यंत ट्रिप होत नाही.