किलिंग्टनचा डोंगर, पाऊस आणि आम्ही दोघं

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचं एक लहान राज्य आहे. डोंगर, जंगल, दुभत्या गाई आणि मॅपलची झाडं. १९६८ पासून तिथे रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांना बंदी आहे, त्यामुळे गाडीतून जाताना डोळ्यांपुढे खरोखर डोंगरच असतात. त्यातला एक डोंगर म्हणजे किलिंग्टन. उंची १,२९३ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा साडेतीनशे मीटरने कमी. हिवाळ्यात तिथे स्कीइंगला झुंबड उडते. बर्फ पडायच्या आधी, सप्टेंबरात, त्याच उतारांवर अडथळ्यांची शर्यत होते. स्पार्टन रेस तिचं नाव, आणि तिच्या या मोठ्या प्रकाराला म्हणतात बीस्ट. सुमारे २१ किलोमीटर अंतर आणि ३० अडथळे. भिंती चढायच्या, दोरावर चढायचं, काटेरी तारेखालून सरपटायचं, वाळूची पोती वाहायची, भाला फेकायचा, थंडगार तळ्यात उतरायचं.

मी आणि माझा नवरा न्यू जर्सीत राहतो. एका पावसाळी शनिवार-रविवारी आम्ही दोघं ही शर्यत करायला गेलो होतो. घरी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पैसे भरून चिखलात लोळायला एवढ्या लांब कशाला जायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मला आज तुमच्यासमोर नीट द्यायचं आहे.

शुक्रवारी दुपारी निघालो तेव्हापासूनच पाऊस होता. शेवटचा टप्पा आम्ही मुद्दाम रूट फोरने गेलो. ऑटाक्वीची नदी या रस्त्याला बिलगून वाहते. क्वीची गावात तिच्यावर छप्पर असलेला लाकडी पूल आहे. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाचा पाऊस या खोऱ्यात कोसळला, तेव्हा या पुलाची मोठी हानी झाली, रूट फोर ठिकठिकाणी वाहून गेला आणि किलिंग्टन, पिट्सफील्डसारखी गावं जगापासून तुटली. हेलिकॉप्टरने धान्य, पाणी, औषधं पोचवावी लागली. आणि गावकऱ्यांनी सरकारी यंत्रणेची वाट न बघता स्वतःचे ट्रॅक्टर, खोदकामाची यंत्रं बाहेर काढून रस्ते जोडायला घेतले. महाडचा पूर किंवा तळिये पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्पार्टन रेस २०१० मध्ये सुरू करणारे जो डी सीना याच पिट्सफील्डमध्ये राहायला आलेले. २०१२ ते २०१४ या काळात या शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा किलिंग्टनवरच व्हायची. म्हणजे या खेळातली मंडळी या डोंगराला का मानतात, ते लक्षात येईल.

शनिवारी सकाळी पाऊस होताच, शिवाय धुकं. मनगटाला वेळ मोजणारी चिप, कपाळाला नंबराची पट्टी. स्पर्धक गटागटाने सोडतात. जिंकायला आलेले खेळाडू आधी जातात. त्यांना एकमेकांची मदत घेता येत नाही, घेतली तर बाद. आमच्यासारख्या हौशी मंडळींचा खुला गट मागाहून सुटतो, आणि या गटाचा नियम मला सगळ्यात प्रिय आहे. इथे कुणीही कुणालाही मदत करू शकतं. खांदा द्या, हात द्या, खालून ढकला, वरून ओढा. त्याने तुमच्या शर्यतीला कसलंही गालबोट लागत नाही.

पहिला चढ म्हणजे स्कीचा उतारच, उलट्या दिशेने. आपल्या घाटवाटा वळणं घेत चढतात, जनावरांना आणि ओझेकऱ्यांना दम खाता यावा म्हणून. स्कीच्या उताराला अशी दयामाया नसते, तो सरळ आकाशात जातो. गवताखाली पाणी झिरपत होतं, बुटाखालची माती सरकत होती. आणि एकदा वर पोचलं की झालं, असंही नाही. वाट खाली येते, पुन्हा वर जाते, पुन्हा खाली. दिवसभराच्या चढांची बेरीज केली तर कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंचीही मागे पडते. जंगलातल्या उतारांवर झाडांची मुळं साबणासारखी गुळगुळीत झाली होती. चांगले तगडे लोक बसून घसरत खाली येत होते, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आता भिंतीबद्दल सांगते. आठ फुटांची लाकडी भिंत, पावसाने निथळणारी, वरची कड चिखलाने बुळबुळीत. उंच माणूस धावत येतो, उडी मारतो, कड पकडतो आणि पाय वर टाकतो. माझी उंची पाच फूट एक इंच. माझे हात कडेपर्यंत पोचतच नाहीत. नवरा भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून बसला आणि म्हणाला, "मांडीवर पाय दे, मग खांद्यावर." मी खांद्यावर उभी राहिले तेव्हा कड हाताशी आली, पण बोटं घसरायला लागली. तेवढ्यात वर बसलेल्या एका बाईंनी माझं मनगट धरलं. साठीच्या असाव्यात. त्यांनी तळहात धरला नाही, मनगट धरलं, आणि मलाही त्यांचं मनगट धरायला लावलं. ओला तळहात सुटतो, मनगटाला मनगट सुटत नाही. मला पलीकडे उतरवून त्या पुन्हा भिंतीवर बसून राहिल्या, मागून येणाऱ्या पोरीसाठी. मग मीही माझा नवरा येईपर्यंत आणखी दोघींना खालून आधार दिला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. समोरचा माणूस अडकलेला दिसतो आणि तुमचे हात रिकामे असतात, एवढंच तिथे असतं.

एरवी मला मदत घेणं फार जड जातं. परदेशात राहिलं की सगळं आपलं आपण करायची सवय लागते, आणि तिचा हळूहळू अभिमान होतो. त्या भिंतीशी तो अभिमान घेऊन उभं राहायची सोय नाही. खांद्यावर पाय द्यावाच लागतो. नवऱ्यालाही पुढे तेच करावं लागलं, ते सांगतेच.

अडथळ्यांच्या व्यायामाचा इतिहास शोधत गेलं की फ्रेंच नौदलातले अधिकारी जॉर्ज एबेर यांचं नाव येतं. ८ मे १९०२ ला कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट पिएर शहर जवळजवळ संपूर्ण नष्ट झालं. एबेर तिथल्या बचावकार्यात होते, असं सांगतात. पळणं, चढणं, तोल सांभाळणं, ओझं उचलणं, पोहणं हे माणसाला यायलाच हवं, या विचारातून त्यांनी पुढे आपली व्यायामपद्धती उभी केली. उपयोगी पडता यावं म्हणून बलवान व्हा, हे त्यांचं ब्रीद. सैन्यातल्या अडथळ्यांच्या मार्गांवर या पद्धतीचा मोठा ठसा आहे. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर 'टफ गाय' ही शर्यत सुरू झाली आणि सैनिकी अडथळे सामान्य माणसांसाठी खुले झाले. पुढच्या सगळ्या शर्यती तिच्यामागून आल्या. मला या सगळ्या इतिहासात एबेर यांचं ब्रीद सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्या आठ फुटी भिंतीवर बसलेल्या बाई नेमक्या त्याच कामाला बसल्या होत्या.

भाल्यापाशी माझा नेम चुकला. एकच संधी असते, चुकली की शिक्षा. तेव्हा शिक्षा होती ३० बर्पी. आपल्या तालमीतल्या सपाट्यांच्या जवळचा व्यायाम, फक्त शेवटी उडी. नवऱ्याचा भाला लागला होता, तो पुढे जाऊ शकला असता. तो माझ्याशेजारी चिखलात उतरला आणि माझ्याबरोबरीने मोजत बर्प्या काढायला लागला.

दोरापाशी मात्र माझा दिवस होता. लहानपणी शाळेत मी दोरीचा मल्लखांब केलेला आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, आणि दोरीचा मल्लखांब पुढे मुलींनी आपलासा केला. तिथे दोर बारीक असतो आणि पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायचा असतो. इथे दोर जाडजूड, पायात चिखलाचे बूट, त्यामुळे ती पकड चालत नाही. दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन तळव्याखालून काढायचा आणि दुसऱ्या बुटाने दाबून धरायचा. पण हातांवर लोंबकळून दमायचं नाही, पायांनी कुलूप घालून उभं राहायचं आणि मगच पुढची पकड घ्यायची, हे तत्त्व तेच. ओला दोर हाताला सोलून काढत होता. वर टांगलेली घंटा वाजवली तेव्हा मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या.

आणि मग तळं. मी जे सांगते आहे त्यातला हा भाग कृपा करून लक्ष देऊन ऐका, कारण आपल्या पावसाळी भटकंतीलाही तो लागू आहे. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीसपंचवीस पट वेगाने ओढून घेतं. भिजलेल्या अंगावर डोंगरमाथ्याचा वारा लागला की त्यात भर पडते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, म्हणून डोंगरात पावसात सुती बनियन किंवा जीन्स घालून जाऊ नये. लोकर किंवा पटकन वाळणारा कृत्रिम धागा बरा. थंडी वाजून माणूस कुडकुडतो तोवर शरीर झुंज देत असतं. बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, तेव्हा पाणी डोक्यावरून जायला लागलेलं असतं.

तळ्यातून निघाल्यावर नवरा गप्प झाला. एरवी तो बडबड्या आहे. त्याला पिशवीची चेन उघडता येईना. मी म्हटलं, "सतराचा पाढा म्हण." तो हसला, म्हणायला लागला आणि सतरा साताला थांबला. "थांब, सांगतो," म्हणाला, पण पुढे येईना. मी तिथेच ठरवलं. पुढच्या मदतकेंद्रावर त्याचा ओला शर्ट काढला, पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधून आणलेला कोरडा लोकरीचा शर्ट घातला, स्वयंसेवकांनी चंदेरी पांघरूण दिलं. गूळ-शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातात दिला, तर तोही त्याच्याने नीट धरवेना, मी भरवला. तो दोनदा म्हणाला, "मी ठीक आहे, चल." मी हलले नाही. कुडकुडणं थांबलं, पाढा सतरा दाहेपर्यंत सुरळीत झाला, तिथल्या वैद्यकीय स्वयंसेविकेने तपासून होकार दिला, त्यानंतरच आम्ही निघालो. तिने नकार दिला असता तर शर्यत तिथेच संपवायची होती, आणि त्यात मला जराही कमीपणा वाटला नसता.

पुढचं फार सांगत नाही. खडीने भरलेल्या बादल्या छातीशी कवटाळून एक चढ, अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात एक उतार, शेवटी जाळावरून उडी आणि गळ्यात पदक.

हा खेळ आता मोठ्या मैदानावरही पोचला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडा, म्हणजे घोडेस्वारीसह पाच खेळांची एकत्र स्पर्धा, या प्रकारात एका घोड्यावरून मोठा वाद झाला. त्यानंतर घोडेस्वारी काढायचं ठरलं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. मल्लखांब आणि कुस्तीच्या मातीत वाढलेल्या आपल्या मुलामुलींनी याकडे जरूर पाहावं. पकड, खांदे आणि तोल, या तिन्ही गोष्टी आपल्या व्यायामशाळांत कित्येक पिढ्या शिकवल्या जात आहेत. भारतात डेव्हिल्स सर्किटसारख्या शर्यती होतात. त्यांचं अंतर ५ किलोमीटर, अडथळे १५, आणि नवख्यांना सुरुवात करायला त्या योग्य आहेत. थेट डोंगरातल्या २१ किलोमीटरवर उडी घेऊ नये. आधी रोज दांडीला मिनिटभर लोंबकळता आलं पाहिजे, पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड चढता-उतरता आला पाहिजे.

आणि जोडीने जाणार असाल तर दोन गोष्टी घरूनच ठरवून निघा. नाव नोंदवताना दोघांची सुटण्याची वेळ एकच घ्या. आणि दोघांपैकी एकाने जरी "आता थांबायचं" म्हटलं, तरी दुसऱ्याने डोंगरावर वाद घालायचा नाही. वाद घालायचा असेल तर खाली येऊन, कोरडे कपडे घालून, चहा पिताना घालावा. आमचा तो अजून चालू आहे.

नमस्कार.