कीबोर्डवरचं रेकॉर्डिंग: मिडी की वेव्ह?

नमस्कार मंडळी. कीबोर्डवर गाणं रेकॉर्ड केलं, पेनड्राइव्हवर घेतलं, मित्राच्या कीबोर्डला लावलं आणि तबल्याच्या जागी भलतंच काही वाजायला लागलं. फाइल बिघडलेली नाही. ती मिडी फाइल आहे, आणि मिडीत आवाज नसतोच.

मिडीत फक्त नोंदी असतात: कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली. आवाज काढतो तो समोरचा कीबोर्ड, स्वतःच्या टोनमधून, म्हणजे त्यात भरलेल्या वाद्यांच्या आवाजांतून. १९९१च्या जनरल मिडी यादीत, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामाईक यादीत, १२८ टोन आहेत. त्यात सतार आहे, शहनाई आहे, तबला मात्र नाही. तो प्रत्येक कंपनी आपापल्या जागी ठेवते, म्हणून हा घोळ.

पण रियाजाला मिडीच घ्या. टेम्पो उतरवा, पांढरी एकचं गाणं काळी चारमध्ये न्या, आवाज जराही फाटत नाही.

कुणाला ऐकवायचं असेल तर ऑडिओ, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचं रेकॉर्डिंग. यामाहाच्या पीएसआर-ई४७३ कीबोर्डवर सॉंग रेकॉर्डिंग (नोंदींचं) वेगळं आणि ऑडिओ रेकॉर्डिंग वेगळं. ऑडिओ थेट पेनड्राइव्हवर जातो: वेव्ह (आवाज न दाबता ठेवणारी फाइल), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. मिनिटाला साधारण १० एमबी धरा. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबीत बसते, पण ती अगदी शेवटी करा. एमपीथ्री एडिट करून पुन्हा एमपीथ्री केली की दर वेळी आवाज थोडा झिजतो.

आता उलटा प्रश्न. मोबाइलवरचा ट्रॅक कीबोर्डवर दिसतच नाही. बहुतेक वेळा तो एमफोरए (दुसरा एक ऑडिओ फॉरमॅट) असतो, नाहीतर ४८ किलोहर्ट्झचा. नाव बदलून शेवटी डॉट वेव्ह लिहिल्याने काही होत नाही, आतला फॉरमॅट तोच राहतो. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ एडिटरमध्ये उघडा आणि एक्सपोर्ट करताना ४४१००, स्टिरिओ, १६ बिट पीसीएम निवडा. पेनड्राइव्ह आधी कीबोर्डवरच फॉरमॅट करा. त्यातलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

आणि रेकॉर्डिंग चालू असताना पेनड्राइव्ह कधीही ओढू नका. वेव्हच्या सुरुवातीला फाइलची लांबी लिहिलेली असते, आणि ती साधारणपणे स्टॉप दाबल्यावरच भरली जाते. तरी पेनड्राइव्ह मध्येच ओढला गेलाच आणि फाइलचा आकार शून्य दिसत नसेल, तर ऑडॅसिटीत इम्पोर्ट, रॉ डेटा, १६ बिट, लिटल एंडियन, दोन चॅनेल, ४४१०० असं करून पाहा. सुरुवातीला एक टिक ऐकू येईल, तेवढी कापून टाका.