यादीत नंबर नाही

अंगणात रातांब्याची सालं वाळत पडलीत. पडवीच्या कोपऱ्यात पत्र्याची नवीकोरी ट्रंक. सांगेलीच्या नवोदयसाठी, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेसाठी घेतलेली, तीही प्रवेश परीक्षेची यादी लागायच्या आधी. यादीत नंबर न लागलेल्या मुलांना सगळ्यात जास्त ही ट्रंकच टोचते.

आता हा सरावाचा कागद बघा. निळ्या पेनाने भरलेले गोल. ८० प्रश्न, १०० गुण, २ तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, त्यांना १ तास. म्हणजे एका आकृतीला दीड मिनिट. ३६वी आकृती सुटेना, म्हणून मूल पुढे गेलं. प्रश्न सोडला, पण त्याची ओळ रिकामी ठेवायची राहून गेली. ३७चं उत्तर ३६च्या ओळीत, आणि तिथून खालचं सगळं एकेक घर वर. लक्षात आलं तरी पेनाचा गोल खोडता येत नाही. पाचवीतल्या हाताकडून हे होतं. त्याला 'ढ' म्हणायचं कारण नाही.

जागाही मुलांना मोजून सांगा: एका नवोदयला सहावीच्या जास्तीत जास्त ८०, अख्ख्या जिल्ह्यासाठी. 'थोडक्यात हुकलं' म्हणू नका. किती थोडक्यात, ते घरात कुणालाच माहीत नसतं. निकाल आईबाबांनीच सांगावा, ग्रुपवर यादी फिरायच्या आत.

निवड झालेली काही मुलं जात नाहीत, मग प्रतीक्षा यादीतून बोलावणं येतं. त्या आशेवर गावातल्या शाळेचा सहावीचा प्रवेश अडवू नका. पुन्हा पाचवीला बसवणं तर वर्ष फुकट घालवणं: सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते.

सरावसंच दिवाळीपर्यंत माळ्यावर. पुढची संधी आठवीत. नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. त्याच वर्षी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी, सातवीत ५५ टक्के, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. नवोदयच्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही, पण पालकसभेत हे सांगतं कोण?

वाडीतली मैत्रीण नवोदयला निघेल त्या दिवशी आपल्या मुलीला निरोपाला जाऊ द्या.

ट्रंकेत आता गोधड्या आहेत. आमसुलं भरायची नव्हतीच, पत्रा खातात.