फायलीत पडलेला रिपोर्ट

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तदान केलं, किंवा गरोदरपणातली तपासणी झाली, आणि ध्यानीमनी नसताना कळतं: एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. माणूस हादरतो. मग एसजीपीटी तपासतात. आकडा येतो 32, शेजारी छापलेली मर्यादा 40. ‘तुम्ही नुसते वाहक आहात, काळजी नको,’ एवढं ऐकून रिपोर्ट फायलीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून राहतो. मला त्या रिपोर्टची फार धास्ती वाटते.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं विकर, म्हणजे एन्झाइम. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं. म्हणजे हा आकडा त्या वेळची इजा दाखवतो. आधीच्या वर्षांत किती पेशी मेल्या, त्यांच्या जागी किती व्रण साचला, हे तो सांगत नाही. त्यात हिपॅटायटिस बीचा विषाणू लहरी. मधे उसळून यकृत सुजवतो, आणि तपासणीच्या दिवशी आकडा पुन्हा जागेवर! एसजीपीटी नॉर्मल असलेल्या कित्येकांच्या बायोप्सीत बराच फायब्रोसिस, म्हणजे हाच साचलेला व्रण, सापडलेला आहे. सिरोसिस झाल्यावरही, म्हणजे व्रणांनी यकृत कडक आणि गाठाळ झाल्यावरही, एसजीपीटी नॉर्मल असू शकते. शिवाय ती 40 ची मर्यादाच सैल आहे; अमेरिकेतले यकृततज्ज्ञ पुरुषांसाठी 35 आणि स्त्रियांसाठी 25 धरतात. म्हणजे तो 32 एखाद्या बाईचा असेल, तर तो नॉर्मल नव्हेच.

मग दुखत कसं नाही? यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेलं तर. विषाणू जन्माच्या वेळी आईकडून आला असेल, तर चाळिशीतल्या माणसाच्या यकृतात तो चाळीस वर्षं नांदलेला असतो, आणि माणूस मात्र धडधाकट.

म्हणून एका रिपोर्टवर कुणालाही ‘नुसता वाहक’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे विषाणूचं प्रमाण, बघायचा, फायब्रोस्कॅननं यकृताचा कडकपणा मोजायचा, पहिल्या वर्षी एसजीपीटी दर तीन-चार महिन्यांनी तपासायची. जोखीम जास्त असेल त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करायची, कारण या विषाणूमुळे सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. केमोथेरपी किंवा स्टेरॉइड सुरू होणार असतील, तर डॉक्टरांना आधी हे सांगायचंच. दबलेला विषाणू तेव्हा उसळतो.

औषध लागलंच, तर बहुतेकांना रोज एक गोळी असते. विषाणू मुळापासून जात नाही, पण दबतो, आणि पुढच्या काही वर्षांत व्रणसुद्धा विरत जाताना दिसलाय. मात्र बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नका.