मधल्या जागेवरचा माणूस

मित्रहो, आज ज्या फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये वाढलेला हा खेळ लांबट चेंडूचा, तो हातात घेऊन पळण्याचा आणि धडका देण्याचा. दोन्ही संघांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि बरोबर मध्ये एक जण चेंडूवर वाकलेला असतो. तो 'सेंटर'. डाव त्याच्या हातून सुरू होतो, टाळ्या मात्र चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिळतात. विल्यम हेन्री लुईस हे असे सेंटर होते.

त्यांचा जन्म 1868 चा, व्हर्जिनियातला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. हा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना, 1873 मध्ये, आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. ज्यांच्या सुटकेचं जोतीरावांना एवढं मोल वाटलं, त्यांच्यातल्याच एका घरातला हा मुलगा.

अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात ते 1891 साली संघाचे कप्तान झाले. पुढच्या वर्षी कायदा शिकायला हार्वर्डला गेले आणि तिथेही खेळले. एका कॉलेजातून खेळून झाल्यावर दुसऱ्यातून खेळणं तेव्हा चालत असे. वजन 80 किलोच्या आसपास, त्या जागेसाठी हलकंच. समोरचा कुठून धडक देणार हे ते आधीच ताडत. 1892 आणि 1893, दोन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या 'ऑल-अमेरिका' संघात त्यांची निवड झाली. हा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

आणि त्याच 1893 मध्ये हार्वर्ड ज्या गावात आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या एका न्हाव्याने त्यांची हजामत करायला नकार दिला. हे ऐकताना तुम्हाला आपल्या गावातलं काही आठवलं असेल, तर ते मी वेगळं सांगायला नको. लुईस अजून विद्यार्थीच होते. तरी ते राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेले आणि अशा भेदभावाविरुद्धचा कायदा अधिक व्यापक करून घेतला. मला त्यांच्या साऱ्या खेळापेक्षा हा डाव मोठा वाटतो.

पुढे बारा हंगाम त्यांनी हार्वर्डच्या खेळाडूंना शिकवलं. त्या काळात संघाने 114 सामने जिंकले, हरले फक्त 15. 1911 मध्ये ते अमेरिकेचे सहायक अ‍ॅटर्नी जनरल झाले. त्याआधी केंद्र सरकारच्या प्रशासनात एवढ्या वरच्या पदावर कुणीही कृष्णवर्णीय पोहोचला नव्हता. वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना सभासद करून घेतलं होतं, पण त्यांचा वर्ण कळल्यावर 1912 मध्ये त्यांना काढायचा प्रयत्न झाला. राजीनामा द्या म्हणाले. लुईस यांनी दिला नाही.

शेवटी खेळाकडे परत येतो. 1905 च्या हंगामात मैदानावर मुलं मेली, खेळ बंद करा अशी ओरड झाली. दोन्ही रांगा चेंडूपाशी एकमेकांना भिडून उभ्या राहत आणि डाव सुरू होण्याआधीच गुद्दागुद्दी होई. रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडावी, ही सूचना लुईस यांची मानली जाते. 1906 मध्ये तसा नियम झाला. तो आजही आहे. डाव सुरू होईपर्यंत त्या मोकळ्या जागेत कुणी यायचं नाही. चेंडूवर वाकलेल्या सेंटरला तेवढी मुभा असते.