मायक्रोवेव्हच्या भट्टीत ॲल्युमिनियम

(दृश्य: तराजू, चाळणी, पावडर)

बनवायचे आहे ते ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण मिसळलेले मटेरियल. ब्रेकचे रोटर, इलेक्ट्रॉनिक बेसप्लेट: ते जाते तिकडे. राखाडी ते ॲल्युमिनियम, काळे ते सिलिकॉन कार्बाइड. त्यात दहा टक्के कार्बाइड, तेही आकारमानाने. वजनात उतरवताना घनता धरायची: ॲल्युमिनियमची 2.70, कार्बाइडची 3.21. म्हणून 100 ग्रॅमच्या घाण्याला कार्बाइड 11.7 ग्रॅम, मॅग्नेशियम 1 ग्रॅम, बाकी ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचे कण 40 मायक्रॉनचे, कार्बाइडचे 10. कार्बाइड फारच बारीक घेतले तर ते मोठ्या कणांच्या फटीत गठ्ठ्याने बसते, आणि त्या गठ्ठ्यात पुढे धातू शिरत नाही.

(दृश्य: प्रेस)

पावडर दाबून तिची वडी करायची. 20 मिलिमीटरची डाय, म्हणजे साचा; वडी चिकटू नये म्हणून भिंतींना झिंक स्टिअरेटचा हात. 400 मेगापास्कल म्हणजे या व्यासाला साधारण 13 टन. दाब सावकाश सोडायचा. झटक्यात सोडला की बाहेर येताना वडीला आडवे तडे जातात. कडेची बर, म्हणजे बाहेर आलेली पातळ धार, लगेच काढायची, कारण भट्टीत ठिणगी पडते ती तिथूनच.

(दृश्य: भट्टीचे दार, आत ॲल्युमिनाच्या लोकरीचे घर)

धातू आणि मायक्रोवेव्ह यांचे जमत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. 2.45 गिगाहर्ट्झची लहर ॲल्युमिनियमच्या सलग पत्र्यात जेमतेम 1.7 मायक्रॉन शिरते, बाकी परत फिरते. पावडरची गोष्ट वेगळी. कण सुटे असतात, मधल्या फटींतून लहर आत जाते. दाबलेली धातूची पावडर अशी पक्की होते, हे पेन स्टेट विद्यापीठात रुस्तम रॉय, दिनेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवले.

तरी थंड वडी आपणहून नीट तापत नाही. म्हणून भोवती सिलिकॉन कार्बाइडची मूस. ती थंडपणीच लहर शोषते आणि आधी वडीला शेकते. पुढे वडी स्वतःही शोषू लागते. 'आतून बाहेर तापते' ही जाहिरात अर्धीच खरी.

(दृश्य: मुशीवर लाली चढते)

ही लाली मुशीची. छिद्रातून पायरोमीटर, म्हणजे लांबून उजेडावरून तापमान मोजणारे यंत्र, लावला तर तो मूसच वाचतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वडीला टेकवावा, आणि त्याचे धातूचे आवरण भट्टीच्या भिंतीशी अर्थ केलेले असावे, नाहीतर तोच अँटेना होतो.

400 अंशांना वीस मिनिटे थांबायचे. स्टिअरेट उडून जायला हवे. घाई केली की फोड येतात. मग 620. मिनिटाला 5 अंशांनी चढणाऱ्या साध्या भट्टीला इथवर यायला, मधला थांबा सोडूनही, दोन तास लागतात. इथे चढाईची मिनिटे मोजून वीस. स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर मात्र हे करू नये: त्यातली 'निम्मी शक्ती' म्हणजे मॅग्नेट्रॉन (लहर निर्माण करणारी नळी) चालू-बंद, आणि तापमान तसेच वरखाली. 660 ओलांडले तर वडीला घाम फुटतो, पृष्ठभागावर वितळलेल्या धातूचे मणी. आत कार्बाइडशी अभिक्रिया होऊन ठिसूळ ॲल्युमिनियम कार्बाइड बनते.

पण नुसता वेग पुरत नाही. खरा शत्रू वेगळाच. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर काही नॅनोमीटरचे ऑक्साइडचे कवच असते, आणि ते 2000 अंशांनाही वितळत नाही. ते फोडते मॅग्नेशियम: ऑक्साइडशी मिळून स्पिनेल, म्हणजे दोन्ही धातूंचे संयुक्त ऑक्साइड, बनवते, उघडा धातू धातूला भिडतो. म्हणून भट्टीत भरायचा नायट्रोजन कोरडा हवा. ओला नायट्रोजन फुटलेले कवच पुन्हा चढवतो.

(दृश्य: पॉलिश, मग सूक्ष्मदर्शक)

पॉलिशला शेवटचा हात डायमंड पेस्टचा, 3 आणि मग 1 मायक्रॉन. त्याआधी घासायच्या कागदावरचे दाणेही सिलिकॉन कार्बाइडचेच. मऊ ॲल्युमिनियममध्ये ते रुततात आणि फोटोत मिश्रणाचे म्हणून मोजले जातात. निसटलेल्या कणाचा खड्डाही छिद्र म्हणून मोजला जातो. जास्त तापलेली वडी पाण्यावर घासू नये: ॲल्युमिनियम कार्बाइड पाण्याशी मिथेन सोडते, आणि बघायचे तेच धुऊन जाते.